वरून दिसलेलं गलबत

माझा मुलगा ज्या गलबतावर कामाला होता ते कुठे आहे, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या बायकोलाही नव्हतं. यात हयगय काही नव्हती. आमच्याकडे समुद्रावर जाणाऱ्या माणसाला कुठे चाललास हे विचारत नाहीत. विचारलं की तो उंबऱ्यावरून परत फिरतो, घरात येऊन बसतो, पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो. कधी कधी तर त्या दिवशी निघतच नाही. माझ्या सासूने एका पाहुण्या बाईला यावरून भरल्या ताटावरून उठवलं होतं. मी चौथी शिकले, उभं आयुष्य मासळी विकली, देवाधर्माचं फारसं करत नाही. पण हे मीही पाळलं. ते पाळायला खर्च येत नाही, फक्त तोंड मिटून ठेवावं लागतं.

मुलगा परदेशी गेला तरी आम्ही ते सोडलं नाही. त्याचा फोन यायचा तेव्हा जेवलास का, खोकला गेला का, पाठ कशी आहे, एवढंच. सुनेच्या मोबाइलमध्ये माणूस कुठे आहे ते नकाशावर दिसायची सोय होती. तो निघाला त्या दिवशी तिने ती त्याच्याकडून बंद करून घेतली. म्हणाली, "ह्यो मोबाइल दर घटकेला इचारल, कुठं हाय, कुठं हाय. नको ते." मला पटलं.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. मुलगा चुलत्याच्या होडीवर तांडेल होता, होडी त्याच्याच हुकमाने चालायची. मासळी कमी झाली, डिझेल परवडेना, होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली ती तशीच राहिली. रस्त्याच्या पलीकडे आपाचं घर आहे. मी तिला आपा म्हणते, ती मला बाय म्हणते. ती मुसलमान, आम्ही कोळी. तिच्या घरची माणसं आजोबा-पणजोबांपासून समुद्रापलीकडे व्यापाराला जातात. तिचा धाकटा भाऊ आखातात एका गलबतवाल्याकडे माणसं भरायचं काम करतो. माझ्या मुलाला त्यानेच नेलं. लाकडी गलबतं, इंजिनाची. तांदूळ, टायर, कांदे, जुन्या गाड्या, जे मिळेल ते भरायचं आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात टाकायचं. मुलगा म्हणाला होता, "आई, मासा पळतो तरी. कांदा कुठं पळतो? बरं काम हाय."

दुपारी मी आपाकडे बसायला जायचे. तिच्याकडे मोठा टीव्ही आहे आणि तिला एकटीला बघायला आवडत नाही. त्या दिवशी मी तिच्यासाठी सुके बोंबील घेऊन गेले होते. ती त्यांची डोकी मोडत बसली होती आणि टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

चित्र काळं-पांढरं होतं. मधोमध एक फुली. फुलीखाली एक गलबत, तांदळाच्या दाण्याएवढं. त्याच्या मागे पाण्यावर रेघ. मग सगळं पांढरं झालं. पांढरं गेल्यावर रेघ होती, पण रेघेच्या पुढे काही नव्हतं.

सांगणारी बाई म्हणत होती की अतिरेक्यांना हत्यारं पोचवणारं गलबत ड्रोनने उडवलं. नेम अचूक लागला. मारणाऱ्यांचा एकही माणूस धोक्यात आला नाही. कुठल्या देशाने उडवलं, ते दोन चॅनलवर दोन वेगळं सांगत होते. जागा मात्र दोन्हीकडे एकच होती, अरबस्तानाच्या खालचा समुद्र. मग कोटातले तीन जण आले आणि याने दहशतवाद मोडतो की नाही यावर बोलायला लागले. एक म्हणाला, हाच एक उपाय परिणामकारक आहे. दुसरा म्हणाला, एकाला माराल तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. तिसऱ्याला कोणी बोलू दिलं नाही. ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते.

मी म्हणाले, "बरं झालं. तेवढी हत्यारं कमी झाली."

आजही मला ते चुकीचं वाटत नाही. याच किनाऱ्यावर एकदा पेट्या उतरल्या होत्या. त्यातल्या मालाने मुंबईत बाजारातली, ऑफिसातली माणसं फाटली. त्यांतली एक माझ्या माहेरची होती, पोस्टात पाकीट टाकायला गेलेली. नंतर आमच्या घरोघरी झडत्या झाल्या. त्या पेट्या ज्या बोटीतून आल्या ती बोट पाण्यातच कोणी फोडली असती तर मी नारळ फोडला असता.

आपा बोंबलाचं डोकं मोडायचं थांबली आणि म्हणाली, "बाय, पोराचा फोन कवा आलता?"

आम्हा बायकांची विचारायची रीत हीच आहे. ती काय विचारते आहे ते मला तेव्हा कळलं. मी टीव्हीकडे पाहिलं. पुन्हा तोच तांदळाचा दाणा फुलीखाली चालला होता.

फोन मागच्या आठवड्यात आला होता. खोकला गेला म्हणाला होता.

मी घरी आले. सून मुरुडला एका लॉजमध्ये नाश्ता बनवायच्या कामाला जाते, ती नुकतीच एसटीतून उतरून आली होती. मी तिला सांगितलं नाही, पण तिच्या मोबाइलवर ते चित्र आधीच आलेलं होतं. तिने ते थांबवून, बोटांनी मोठं करून पाहिलं होतं. मोठं केलं की नुसते चौकोन दिसत होते.

"माणसं दिसत न्हाईत यात," ती म्हणाली.

"आसतील."

"आसतील ते म्हाईताय मला. कोण हाईत ते दिसत न्हाय."

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. समुद्रात असला की लागत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आजवर त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी फोनमधली बाई इंग्रजीत तेच तेच बोलत राहिली आणि सून ऐकत राहिली, जणू कधीतरी ती वेगळं काही सांगेल.

आपाने तिच्या भावाला फोन लावला आणि मला बोलायला दिला. मी जन्मात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला. "माझा पोरगा कुठं हाय?"

"वैनी," तो म्हणाला, "मी माणसं भरतो. गलबत कुठं जातं ते मालक ठरवतो. मालक आम्हाला सांगत नाही."

"मग मालकाला इचार."

"इचारतो."

"आत्ता इचार."

"वैनी, मालक फोन घेत नाही. बातमी आल्यापास्ना घेत नाही."

मी फोन आपाच्या हातात दिला. ती भावाला त्यांच्या बोलीत बरंच काही बोलली. मला त्यातलं अर्धं कळलं आणि तेवढं पुरेसं होतं.

दोन दिवसांनी पोलीस आले. एक आमच्या बाजूचा होता, म्हातारा, ओळखीचा. दुसरा तरुण, घाटावरचा, चांगल्या इस्त्रीतला. तरुणाने विचारलं, "आजी, मुलगा कुठंय तुमचा?"

"न्हाय म्हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाय म्हाईत."

"कुठला देश, कुठलं बंदर, काहीतरी सांगितलं असेल ना जाताना?"

"आम्ही इचारत न्हाय."

"स्वतःच्या मुलाला विचारत नाही?"

"तुमची आई इचारते का तुम्हाला, कुठं हायस म्हणून?"

"दिवसातून चार वेळा."

"मग तुम्ही समुद्रावर जात न्हाय."

म्हातारा पोलीस हसला. तरुण हसला नाही. तो म्हणाला, "आजी, ज्यांना काही लपवायचं असतं ना, तेच असं बोलतात."

मी त्याला समजावलं नाही, कारण त्याची समजून घ्यायची इच्छा नव्हती. म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की ही यांची पद्धतच आहे. ते खरं आहे. धक्क्यावर निघताना सरकारी माणूस होडीवाल्यांना कुठे चाललात विचारतो तेव्हा आमची माणसं उत्तरेला म्हणून सांगतात आणि दक्षिणेला जातात. मासा कुठे लागतो ते सांगायचं नसतं, आणि विचारल्याचा दोषही जातो. एकदा एका होडीचं इंजिन बंद पडलं. शोधायला गेलेली बोट दिवसभर उलट्या बाजूला फिरली. होडीवाले शेवटी शिडासारखी चादर बांधून स्वतःच परत आले आणि धक्क्यावर शोधणाऱ्यांची वाट बघत बसले. त्यावर गावात अजून हसतात. म्हाताऱ्याने हेही सांगितलं, पण तरुण पोलिसाला ते ऐकून हसू आलं नाही. त्याने ते लिहून घेतलं.

आमच्याकडे ते चहा घेऊन गेले. आपाकडे ट्रंका उघडून गेले. तिच्या नवऱ्याचे जुने शर्ट, तिच्या निकाहातली साडी, गाद्या, डाळीचे डबे. तिच्या भावाचे फोन नंबर लिहून घेतले. मी माझ्या ओटीवर उभी राहून बघत होते. ते गेल्यावर मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले. तिने मला बस म्हटलं नाही.

"तुला चहा मागितला त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या पिठात हात घातला."

"मी न्हाय सांगितलं त्यांना हिकडं यायला."

"नाही सांगितलंस. तू नुसतं बरं झालं म्हणालीस."

"मी बाँब नेणाऱ्यांना म्हणाले."

"वरून कसं कळतं गं कोण बाँब नेतो नि कोण कांदे नेतो? तुला कळलं? तू तर आई हायस, तुला तरी कळलं का त्या चित्रात?"

"तुझ्या भावाला इचार. माणसं त्यानं भरली. आत काय भरलं ते बी त्यालाच म्हाईत आसल."

ती उठली आणि बोंबलाची पिशवी, अर्धी साफ केलेली, माझ्या हातात देऊन दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत आमचं भांडण नळावरून झालं होतं, कोंबडीवरून झालं होतं, तिच्या मांजरीने माझी मांदेली खाल्ली त्यावरून झालं होतं. दार लावायची वेळ आली नव्हती.

नंतरचे दिवस मी काम केलं. दुसरं काय करणार? बोंबील येत होते, ते दोरीवर अडकवायचे होते. सून कामाला जात होती. ती घरी राहिली म्हणून लॉजमधले पाहुणे उपाशी राहणार नव्हते, पण तिचं काम जाणार होतं. बाजारात बायका माझ्याशी नीट बोलत होत्या. नको इतक्या नीट बोलत होत्या. एकजण म्हणाली, "आगो, बातमीत म्हणत्यात सगळं अतिरेकीच होतं त्यात. म्हंजे तुझा नसंलच." तिला धीर द्यायचा होता. मला एवढंच दिसलं, की तो त्यात असला तर आता तो अतिरेकी. मारल्यावर नाव ठेवायचं काम बाकी होतं, तेही झालं होतं.

आपा आली तेव्हा मी दोऱ्यांखाली होते. तिने रस्ता ओलांडला तो डोक्यावर काही न घेता, एका पायात चप्पल. हातात तिचा मोबाइल होता. ती धापा टाकत नुसती "घे, घे" म्हणत होती.

"आई, मी हाय," मुलगा म्हणाला.

मी म्हणाले, "कुठं हायस?"

त्याने हे माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "बंदरात हाय. दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतंय." त्याने बंदराचं नाव सांगितलं. मला ते नीट ऐकू आलं नाही.

"जेवलास?"

"व्हय."

"खोटं."

"चा घेतला," तो म्हणाला.

आपा माझ्या शेजारी खाली बसली होती. फोन झाल्यावर तिने तो माझ्या हातातून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "बोंबील आण ते परत. अर्धेच केलेत मी."

तो महिन्याभराने आला. मुंबईहून लाँचने रेवसला आणि तिथून एसटीने. वाळला होता, पण हातपाय धड होते. मी त्याला जेवायला वाढलं आणि काही विचारलं नाही. त्याने पुढच्या दिवसांत तुकड्यातुकड्याने सांगितलं. कधी जाळं शिवताना, कधी भांडी घासणाऱ्या बायकोच्या पाठीशी उभा राहून. मी ते इथे एकत्र सांगते.

गलबतं दोन होती, एकाच मालकाची. एकामागे एक चालली होती. माझा मुलगा मागच्यावर. पुढच्यावरचा तांडेल आमच्याच किनाऱ्यावरचा, खालच्या एका गावचा कोळी. गलबतावर एक यंत्र असतं, गलबत कुठे आहे ते सगळ्यांना सांगणारं. पुढच्या तांडेलाने ते बंद ठेवलं होतं.

"का?" मी विचारलं.

"का म्हंजे काय? सवय. आपण हितं बंद ठेवतो का न्हाय, दुसऱ्या होड्या मागं येऊ नयेत म्हणून? तो तसाच. म्हणायचा, मी कुठं हाय ते माझ्या बापाला सांगितलं न्हाय, ह्या डबीला कशाला सांगू."

"आणि तुमचं?"

"आमचं चालू होतं. आमचा तांडेल कच्छी. त्याला ते बंद कसं करत्यात तेच येत नव्हतं."

सून हसली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

वरून बघणाऱ्याला दोन गलबतं दिसली. एक आपली जागा सांगत होतं, एक लपवत होतं. त्याने लपवणारं उडवलं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच उडवलं असतं.

"पण हत्यारं होती का त्यात?" मी विचारलं. मला ते जाणून घ्यायचं होतं. माझा मुलगा वाचला म्हणून हत्यारं नेणाऱ्यांची मला कीव येणार नव्हती.

"पेट्या होत्या. खिळे मारलेल्या."

"मग?"

"आमच्यात बी होत्या, आई. तशाच. कांद्याच्या गोण्यांखाली. आमच्या पेट्या बंदरात उतरल्या, कोण तरी घेऊन गेला. काय होतं त्यात ते मला आजून म्हाईत न्हाय. पंप आसतील. बंदुका आसतील. कोण उघडतो?"

ते उडाल्यावर पाण्यात माणसं होती. हाका येत होत्या. मागच्या गलबताने इंजिन बंद केलं आणि ते थांबलं, कारण वरचं ड्रोन गेलं नव्हतं. ते फिरत होतं. दिसत नव्हतं, आवाज येत होता, दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. कच्छी तांडेल म्हणाला, जवळ गेलो तर आपल्यालाही मारतील, त्यांना वाटेल आपण त्यांचेच. ते थांबले. गिरणी बंद होईपर्यंत थांबले. मग गेले तेव्हा पाण्यात एकच जण जिवंत होता आणि तो आमच्या किनाऱ्याचा तांडेल नव्हता.

त्या मेलेल्या तांडेलाची आई मासळी बाजारात बसते. पोलीस तिच्याकडे पुष्कळ वेळा जाऊन आले. तिच्या पाटीच्या दोन्ही बाजूंना बायका बसेनाशा झाल्या. मी बसते. जागा रिकामी असते आणि तिथे सावली आहे. ती माझ्या मुलाबद्दल विचारत नाही आणि मी तिच्या मुलाबद्दल बोलत नाही. एकदा ती एवढंच म्हणाली, "मारला तर मारला. पण तो कोण होता ते त्यांनी टीव्हीवर सांगितलं, मला इचारलं न्हाय."

मुलगा घरी राहिला, पण त्याचं वागणं बदललं. ऊन कडक पडलं, आकाश धुतल्यासारखं झालं, की आम्हाला आनंद. बोंबील दोन दिवसांत खडखडीत वाळतात. तो अशा दिवशी घराबाहेर पडेना. आभाळ भरून आलं की बाहेर येऊन कामाला लागायचा. आम्ही घाईघाईने मासळी आत नेत असायचो आणि हा होडी डांबर लावायला काढायचा. सून चिडायची. "लोकं हसत्यात," म्हणायची.

"हसू दे," तो म्हणायचा. "ढगातनं दिसत न्हाय त्यांना."

मग आपाच्या भावाचा फोन आला. मालकाला माणसं पाहिजेत. त्या वाटेला कोणी यायला तयार नाही म्हणून पगार चढवला आहे. आपाने निरोप दिला, पण देताना तोंड फिरवून दिला, जणू नासलेलं काही हातात धरलं आहे.

मी मुलाला विचारलं, "ती वाट बंद न्हाय झाली?"

"झालती. थोडे दिवस कोण गेलं न्हाय. मालक सुदिक घाबरला."

"मग काम झालं म्हणायचं त्यांचं."

"थोडे दिवस झालं," तो म्हणाला. "आता ल्हान गलबतं जात्यात. आणि डबी सगळेच बंद ठेवत्यात. आधी एक ठेवायचा, आता सगळे. मासळीवाला, कांदेवाला, पेटीवाला, सगळे. आता वरून बघून काय कळणार हाय त्यांना?"

टीव्हीवरचे ते कोटातले तिघे मला आठवले. एक म्हणत होता परिणाम होतो, दुसरा म्हणत होता होत नाही. परिणाम झाला होता. हत्यारं नेणारा आता पहिल्यापेक्षा जास्त चांगला लपत होता, कारण त्याच्यासारखेच दिसणारे सगळे लपत होते. आणि त्यांच्यात माझा मुलगा जाणार होता.

सून म्हणाली, नको. तिने लॉजमधलं संध्याकाळचं कामही धरायची तयारी केली. मुलगा काही बोलला नाही, आणि तो बोलत नाही तेव्हा त्याचं ठरत आलेलं असतं. चुलत्याची होडी दुरुस्त करायलाही पैसे लागतात, ते कोणाकडेच नव्हते. मला एकच गोष्ट सांगता येण्यासारखी होती आणि मी ती त्याला एका सकाळी सांगितली.

आम्ही किनाऱ्यावर होतो. मी पाटावर बसून मुशी कापत होते. तो माझ्यासमोर पाण्याची बादली घेऊन उभा होता. थोडं पलीकडे तिघे-चौघे जाळं शिवत बसले होते. मी म्हणाले, "हितं ऱ्हा. अर्धी भाकर मिळल, पण हितं तुला वरनं कोण बघत न्हाय."

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने मान वर केली. मला आधी ऐकू आलं नाही, माझे कान आता तसे राहिले नाहीत. नंतर मलाही आलं. माडांच्या शेंड्यांवरून ते आलं, चार पंख्यांचं, कावळ्यापेक्षा मोठं, आणि आमच्या वर येऊन थांबलं. नागावला लग्नाचे फोटो काढायला असली उडवतात. अलीकडे किनाऱ्यावर पहारा ठेवायलाही उडवतात. हे कशाचं, ते खालून सांगता येत नव्हतं. उडवणारा कुठे दिसत नव्हता.

मुलाने बादली खाली ठेवली. दोन्ही हात वर केले, पंजे उघडे, बोटं फाकवलेली, आणि तसाच उभा राहिला.

जाळंवाले हसायला लागले. "काय रं, हंडी फोडतंस का?" एकजण ओरडला. "थर तर लाव!"

तो हसला नाही, हात खाली घेतले नाहीत. ओठ न हलवल्यासारखा बोलला. "तिकडं आम्ही आसंच उभं होतो, आई. सगळे. ते फिरत होतं तवर. पाण्यातली माणसं हाका मारत होती आणि आम्ही हात वर करून उभं होतो."

मी वर पाहिलं. ते हललं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "कोयता टाक."

"मासा कापतंय मी."

"तुला म्हाईताय मासा कापतंस. त्यांना न्हाय. टाक."

जाळंवाल्यांचं हसणं थांबलं होतं. त्यांच्यातल्या एकाने जाळं शिवायची सुई मांडीखाली घातली. मग दुसऱ्याने हात गुडघ्यांवर उपडे ठेवले होते ते उलटे केले, पंजे वर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मी याच कोयत्याने चाळीसेक वर्षं मासळी कापली आहे, भर बाजारात, पोलिसांसमोर, साहेबांच्या बायकांसमोर. मी तो गोणपाटाखाली सरकवला आणि रिकामे हात मांडीवर ठेवले. मुशीचं रक्त हातांवर होतं. ते वरून कसं दिसत असेल, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते बादलीत बुडवून धुतले.

ते बऱ्याच वेळाने खाडीच्या बाजूला निघून गेलं. मुलाने हात खाली घेतले, खांदे चोळले आणि बादली उचलली. मी जे सांगत होते ते पुरं केलं नाही.

त्या दिवशी त्याने आपाकडे जाऊन तिच्या भावाला येतो म्हणून कळवलं. मी किनाऱ्यावरून त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं. मग गोणपाट बाजूला करून कोयता काढला आणि राहिलेली मुशी कापायला घेतली.